पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली आणि आमचे रान

यंदा पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी मला मिळालेला विषय सरांनी वाचून दाखवला तेव्हा वर्गात हशा पिकला. समुद्रकिनारे आणि सरोवरे यांच्या रक्षणासाठी शासनाने आखलेल्या योजना! तळोद्याच्या मुलीने समुद्रावर काय लिहायचे? मी समुद्र पाहिलेला नाही. आमच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. प्रकाशाच्या घाटावर उभे राहिले की तापीचे पाणी पश्चिमेकडे जाताना दिसते आणि हेच पाणी पुढे सुरतेपलीकडे समुद्राला मिळते एवढे भूगोलात शिकलेले. समुद्राशी माझा संबंध तेवढाच.

ग्रंथालयात बसून मी अधिनियम, अधिसूचना, करार यांची टिपणे काढू लागले. खरे सांगते, दोन दिवसांत कंटाळले. कलम, पोटकलम, परिशिष्ट. पण एक गोष्ट लक्षात आली. भरतपूरचे सरोवर असो, तमिळनाडूचा किनारा असो, कच्छचे रण असो, जिथे जिथे पाण्याची आणि पाखरांची राखण झाली तिथे कागदांच्या मागे एकच बारीक चणीचा, गळ्यात दुर्बीण अडकवलेला म्हातारा उभा दिसतो. मग मी योजना बाजूला ठेवल्या आणि त्या माणसाचे चरित्र वाचायला घेतले. वाचता वाचता ते चरित्र थेट आमच्या तळोद्याच्या रानात, आमच्या घराच्या मागच्या शेतापर्यंत येऊन पोहोचेल, अशी कल्पनाही नव्हती. प्रकल्प सरांना दिला, आणि त्यातून उरले ते वार्षिकासाठी लिहीत आहे.

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी पोरक्या भावंडांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली. त्या काळच्या सुखवस्तू घरातला मुलगा करील तेच सालिमने केले, चिमण्या मारल्या. एके दिवशी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखून दिला आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. पुढचे पाऊण शतक हा मुलगा त्या संस्थेला चिकटून राहिला.

आपल्यासारख्यांना दिलासा देणारी गोष्ट म्हणजे सालिम अलींना गणित येत नसे. १९१३ साली ते मॅट्रिक कसेबसे सुटले. महाविद्यालय अर्धवट सोडून ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर गेले आणि तिथे धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. धंदा बुडाला, त्यात नवल नाही! मधल्या काळात मुंबईला परतून त्यांनी हिशेबाचे आणि व्यापारी कायद्याचे शिक्षण घेतले, सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले आणि १९१८ साली तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, पण पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. ज्या माणसाच्या नावावर पुढे संशोधन केंद्रे निघाली त्याला पदवीअभावी नोकरी नाकारली गेली, हे पदवीच्या मागे धावणाऱ्या आपण मंडळींनी एकदा वाचून ठेवावे.

१९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना काम मिळाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. नुसते पक्षी मारून कातडी जमवण्याऐवजी जिवंत पक्षी काय करतो हे पाहण्याची दृष्टी त्यांना तिथे पक्की झाली. १९३० साली परत आले तो पैशाअभावी ती म्युझियममधली जागाच रद्द झालेली. वय चौतीस, हाती नोकरी नाही, मुंबईत राहणे परवडत नाही. तेव्हा नवराबायको अलिबागजवळ किहीमला, समुद्राकाठच्या एका छोट्या घरात राहायला गेले.

मला त्यांच्या साऱ्या चरित्रात हे किहीमचे दिवस फार आवडले. समुद्रकिनारा, नारळीपोफळी, पावसाळा तोंडावर, आणि घराजवळच्या झाडाला सुगरणींची वसाहत. बेकार माणसाला वेळच वेळ! ते तासन्‌तास घरट्यांसमोर बसून नोंदी करीत. सुगरण नावावरून आपण समजतो की घरटे मादी विणते. प्रत्यक्षात विणणारा नर. तो घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरतात, पाहणी करतात. एखादीला पसंत पडले तर ती राहते आणि मग नर ते पुरे करतो. पुरे झाले की हा पठ्ठ्या लगेच दुसरे घरटे सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंती मात्र सर्वस्वी मादीची. हे सगळे कोणी आधी नीट पाहिलेलेच नव्हते. मुंबईत नोकरी टिकली असती तर कदाचित त्यांनीही पाहिले नसते. आमच्या शेताच्या बांधावरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबतात. लहानपणापासून बघत आले, पण गळून पडलेली अर्धवट घरटी ही सुगरणीने नापसंत केलेली घरे असतात हे मला किहीमने शिकवले.

पुढची वीस वर्षे प्रवासाची. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, कच्छ आणि इतर संस्थाने. संस्थानाने खर्च द्यावा, हे फुकट काम करतील, असा त्यांचा सौदा. बैलगाडी, तंबू, कंदील. तेहमिना बरोबर असत. त्याच १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर गेल्या. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहिणीच्या आणि मेव्हण्याच्या आधाराने ते राहिले आणि कामात बुडाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले. पंडित नेहरूंनी तुरुंगातून ते आपल्या मुलीकडे पाठवले होते. या एका भेटीचे फळ पुढे देशाला मिळाले, ते सांगतेच.

आता भरतपूर. राजस्थानातला हा पाणथळ प्रदेश निसर्गाने अर्धा आणि माणसाने अर्धा घडवला. जमीन मुळात खोलगट. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घातला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे बदकांच्या शिकारीसाठी पाणी खेळवण्याची व्यवस्था झाली. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. स्वातंत्र्य आले, संस्थान गेले आणि आसपासच्या लोकांनी मागणी केली, की राजाच्या चैनीसाठी अडवलेले हे पाणी सोडून द्या आणि जमीन आम्हाला कसायला द्या. ही मागणी चूक होती असे मी तरी म्हणणार नाही. भुकेल्या माणसाला बदकांचे तळे म्हणजे वाया गेलेली जमीन. पण सालिम अलींनी ओळखले, की हिमालयापलीकडून, सैबेरियातून येणाऱ्या लक्षावधी पाखरांचा हा मुक्काम एकदा नांगराखाली गेला की परत येणार नाही. ते नेहरूंपर्यंत गेले. सरोवर वाचले. १९५६ साली ते अभयारण्य झाले, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान, १९८५ साली जागतिक वारसा स्थळ.

सालिम अली आणि त्यांच्या सोसायटीच्या माणसांनी भरतपूरला हजारो पक्षी पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची कडी अडकवली आणि सोडून दिले. ती कडी दूर सोव्हिएत देशात सापडू लागली तेव्हा हे पाखरू कुठून कुठे जाते याचा पुरावा हाती आला. एका देशाने तळे राखले आणि दुसऱ्याने बुजवले तर पाखरू मरतेच, हे त्या कड्यांनी सिद्ध केले. पाणथळ जागांसाठी राष्ट्राराष्ट्रांत करार हवा, या विचारामागे असेच पुरावे होते. तो करार १९७१ साली इराणमधल्या रामसर या गावी झाला. भारताने १९८१ मध्ये त्याच्या यादीसाठी पहिली दोन स्थळे दिली: भरतपूरचे केवलादेव आणि ओडिशाचे चिल्का सरोवर. आपल्या महाराष्ट्राला मात्र २०२० पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर आणि त्याच वर्षी लोणार, नंतर २०२२ मध्ये ठाण्याची खाडी यादीत आली.

किनाऱ्याची कथा अशीच. कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांची चिखलाच्या घरट्यांची अफाट वसाहत सालिम अलींनी १९४५ साली पाहिली. तमिळनाडूतल्या पॉइंट कॅलिमेअर या टोकाला खाजण आणि मिठागरांत हिवाळी पाहुण्यांची गर्दी होते हे त्यांनी हेरले. १९६७ साली तिथे अभयारण्य झाले. आणि ज्या मुलीला वडिलांनी तुरुंगातून पक्ष्यांचे पुस्तक पाठवले होते, तिने पंतप्रधान म्हणून १९८१ साली किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बजावले, की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे होऊ देऊ नका. पत्राने काम भागले नाही. १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना काढावी लागली. तिच्यात पुढे कितीदा फेरफार झाले ते माझ्या प्रकल्पात आहे, ज्यांना हवे त्यांनी पाहावे. त्या पत्राचे श्रेय सालिम अलींना देणे बरोबर होणार नाही. मात्र इंदिरा गांधींशी त्यांचा स्नेह होता आणि सायलेंट व्हॅलीसारख्या प्रश्नांत त्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन होते, हे निश्चित.

इथवर लिहिले तर हा गौरवलेख झाला. पण मित्रहो, भरतपूरचे एक पान मी वगळू शकत नाही.

राष्ट्रीय उद्यान झाले तसे १९८२ मध्ये कायद्याप्रमाणे तिथली गुरेचराई बंद झाली. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या तळ्यात चरत होत्या. म्हशींनी पाणथळ नासते, त्या बाहेर काढाव्यात, असेच तज्ज्ञांचे मत होते आणि सालिम अलींचेही. गावकऱ्यांना पर्याय दिला नाही. ते जमले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. भिंतीआड सरोवर सुरक्षित झाले असे वाटले. आणि मग काय घडले? म्हशी नाहीत म्हणून पाण्यातले गवत माजले. दाट गवताने उघडे पाणी झाकून टाकले. बदकांना उतरायला जागा उरेना, मासे कमी झाले. हे कोणी विरोधकाने सांगितले नाही. सालिम अलींच्याच सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी दहा वर्षे मोजमाप करून हे दाखवून दिले: म्हैस ही त्या सरोवराची शत्रू नव्हती, त्याच्या व्यवस्थेचाच भाग होती. अंतिम अहवाल आला तेव्हा सालिम अली हयात नव्हते.

मला यात दोन गोष्टी एकदम दिसतात आणि त्यांची जुळणी मला अजून नीट करता येत नाही. एक, एवढा मोठा निरीक्षक, ज्याने सुगरणीचे सबंध संसार उलगडले, त्याने म्हशीकडे तितक्याच बारकाईने पाहिले नाही. दुसरी, त्याने उभ्या केलेल्या संस्थेत एवढा प्रामाणिकपणा होता, की तिने आपलेच मत खोटे ठरवणारे आकडे छापले. आमच्या सरांचे म्हणणे पडले, की दुसरी गोष्ट मोठी. असेल. पण ज्यांची माणसे गेली त्यांना अहवालाचे काय?

चिल्काची हकीकत याच्या उलट. गाळाने समुद्राचे तोंड बुजत आले, पाणी गोडे होत चालले, मासळी घटली. १९९३ साली ते सरोवर धोक्यातल्या स्थळांच्या नोंदीत गेले. तिथे भिंत न घालता तोंड मोकळे केले; सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदले, खारे पाणी परत आले, त्याबरोबर मासळी आणि कोळ्यांची कमाईही. २००२ मध्ये नाव धोक्याच्या नोंदीतून निघाले. भरतपूरची पुढची कहाणी मात्र पाण्याचीच. वरच्या अंगाला पांचना धरण झाले आणि सरोवराचा ओघ आटला. मग गोवर्धन नाल्याचे आणि चंबळचे पाणी आणायची खटपट करावी लागली. सैबेरियाचे पांढरे क्रौंच, ज्यांच्यासाठी भरतपूर जगभर प्रसिद्ध होते, २००२ नंतर तिथे आले नाहीत.

आता आमच्या रानाकडे येते.

१८८० च्या सुमारास खानदेशात डेव्हिडसन नावाचा एक इंग्रज सनदी अधिकारी होता. शहादा-तळोदा भागातल्या रानातून त्याने एका छोट्या घुबडाचे नमुने जमवले. तो पक्षी रानपिंगळा. १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने दिसलाच नाही. पुढे रिचर्ड मेइनर्त्झहागेन या इंग्रज कर्नलाच्या संग्रहात एक नमुना निघाला, गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे १९१४ मध्ये मिळवल्याची चिठ्ठी असलेला. हे कर्नल महाशय १९३७ साली सालिम अलींचे अफगाणिस्तानच्या मोहिमेतले सोबती! सत्तरच्या दशकात सालिम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, सापडला नाही. पक्षी नष्ट झाला असावा असेच बहुतेकांनी धरले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने उलगडा केला. कर्नलने लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा नमुना चोरला होता, नव्याने पेंढा भरला होता आणि खोटी चिठ्ठी लावली होती. १९१४ आणि मांडवी दोन्ही खोटे. ती खोटी नोंद बाजूला काढून, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी तिने आणि दोन सहकाऱ्यांनी शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, भर दिवसा, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! तेव्हा आपला जिल्हा धुळे होता. मागोमाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची माणसे आली आणि तळोद्याच्या व तोरणमाळच्या राखीव वनात त्यांना आणखी पक्षी दिसले. सालिम अली २० जून १९८७ रोजी, नव्वद वर्षांचे होऊन, वारले होते. दहा वर्षे त्यांना कमी पडली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. कारण तळोद्याचे राखीव वन म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. आमचे घर तिथेच आहे. आजा नर्मदाकाठच्या गावातला. सरदार सरोवरात गाव जाणार म्हणून नव्वदच्या दशकात शासनाने तळोदा तालुक्यातले सुमारे ४,२०० हेक्टर वन मोकळे करून बुडणाऱ्या गावांना जमिनी दिल्या. त्यात आमचीही. सागाची खोडे उपटून आजाने आणि बाने शेत केले. आमच्या सात-बाऱ्यावर बाचे नाव चढायला किती वर्षे गेली आणि किती हेलपाटे झाले तो वेगळा विषय आहे. एक सरोवर झाले म्हणून आमचे गाव गेले. आमचे गाव इथे आले म्हणून रानपिंगळ्याचे रान गेले. प्रकल्पाच्या विषयात सरोवर हा शब्द होता, म्हणून मी समुद्राकडे आणि भरतपूरकडे पाहत होते. हे सरोवर माझ्या घराशेजारचे, आणि त्याची वही मी उघडलीच नव्हती.

सुटीत घरी गेले तेव्हा ग्रंथालयातल्या पुस्तकातले रानपिंगळ्याचे चित्र वहीत काढून नेले होते. आजाला दाखवले. त्याने बराच वेळ पाहिले आणि सांगितले, की शेत मोकळे करताना असला पिंगळा दिवसाउजेडी उंच वाळक्या फांदीवर बसलेला त्याला दिसायचा. आता तो नेमका हाच की ठिपक्यांचा नेहमीचा पिंगळा, हे माझ्या चित्रावरून ठरणार नाही. माझी चित्रकला बेताचीच. दिवसा उघड्यावर बसण्याची सवय मात्र जुळते. मग आजाने मला सरळ विचारले, या पाखरासाठी सरकार आपल्याला इथून पुन्हा उठवणार आहे का. मी नाही म्हटले. त्याने माझ्याकडे असे पाहिले, की या पोरीला काय माहीत. तेव्हा मी त्याला भरतपूरची गोष्ट सांगितली. तळे, पाखरे, म्हशी, गोळीबार, गवत, अहवाल, सगळे. आजा गुरांचा माणूस. म्हशींना परत आत सोडले का, एवढेच त्याने विचारले. मी सांगितले, म्हशींना नाही सोडले. गावच्या लोकांना आत जाऊन विळ्याने गवत कापून आणायची परवानगी दिली. आजा उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.